कच्छवे सर आणि बंद फाईल

कच्छवे सरांना लग्नाची पत्रिका मोबाईलवर पाठवायची नाही, हे जिंतूरच्या आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं. कुणी चुकून पाठवलीच, तर अभिनंदन वगैरे राहायचं बाजूला, आधी प्रश्न यायचा, "ही कोणत्या सॉफ्टवेअरमधे केलीय?" आता मुलीचा बाप मांडववाला, बॅंडवाला आणि व्याही यांच्यात पिळून निघालेला. त्याला काय ठाऊक पत्रिका कशात केली ते? तो म्हणायचा, "सर, बसस्टॅंडपाशी केली." मग सर लग्नाला यायचे, आहेर करायचे, आणि पंगतीत वाढायला आलेल्या त्या बापाला शांतपणे विचारायचे, "पत्रिका तुमची, पैसे तुमचे, पण त्या फायलीची किल्ली कुणापाशी हाय?"

हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला. विद्यार्थ्यांना, तलाठ्यांना, पतपेढीच्या मॅनेजरला, एकदा तर झेंडावंदनाला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा. आम्ही सहकारी त्याला कंटाळलो होतो, हे लपवत नाही. स्टाफरूममधे ते शिरले की निम्मे लोक तास असल्यासारखे उठायचे. मी मराठीचा प्राध्यापक, माझे तास कमी आणि चहाची तल्लफ जास्त, त्यामुळे मी सापडायचो.

उंच, थोडे वाकलेले, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले चार-दोन पेन ड्राइव्ह. नवीन माणसाला ती ताईतांची माळ वाटायची. चहा बशीत ओतायचे आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत बशी उचलायची नाही. त्यांचं वाक्य लवकर पूर्ण होत नसे. मग थंडगार बशी तोंडाला लावून हॉटेलवाल्या गफूरभाईंवर तोंड टाकायचे, "गफूरभाई, चहा हाय का शरबत?" गफूरभाई म्हणायचे, "सर, चाय गरमच दी थी. तुमी पहिले पियो, बाद में जग सुधारो."

मुळात ते गणिताचे. कॉलेजात संगणक आले तेव्हा कुणीतरी प्रशिक्षणाला जायला हवं होतं, आणि नाही म्हणायला हे जागेवर नव्हते. परत आले ते त्यातच बुडून गेलेले. त्या काळात पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं 'मोहोर' नावाचं सॉफ्टवेअर निघालं होतं. त्यात मराठी टाईप करता यायचं, आणि फार देखणं यायचं. बघता बघता आमच्याकडे सगळं मोहोरमधे होऊ लागलं. पाथरीच्या लग्नपत्रिका, शाळांचे निकाल, ग्रामपंचायतींचे ठराव, माझा पीएच.डी.चा प्रबंध, सगळं. पुढे कंपनीने त्याच्यासोबत एक लॉक द्यायला सुरुवात केली. काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा डबा संगणकाच्या मागे खोचायचा, तेव्हाच मोहोर चालू व्हायचं. आणि फाईल ज्या लॉकवर तयार झाली, त्याच लॉकवर उघडायची. दुसऱ्या कशातही उघडली तर नुसते चौकोन आणि इंग्रजी अक्षरांचा भुगा. नवी सॉफ्टवेअरं आली, कंपनीने गाशा गुंडाळला, लॉक एकेक करून बिघडत गेले, आणि एवढं सगळं लिहिलेलं आपापल्या डिस्कमधे गप्प पडून राहिलं. माझा प्रबंध छापून झाला होता, त्यामुळे मी निश्चिंत होतो.

सर नव्हते. त्यांचं म्हणणं असं की मोहोरची फाईल आतून कशी लिहिलेली असते, हे जगजाहीर झालं पाहिजे. शासनाने ते खुलं मानक म्हणून नोंदवलं पाहिजे, म्हणजे कुणीही पोरगा बसेल आणि ती वाचणारं सॉफ्टवेअर लिहील. मी एकदा चूक केली आणि विचारलं, "सर, खुलं मानक म्हणजे नेमकं काय हो?"

त्यांनी पिशवीत हात घातला आणि टेबलावर खाडकन एक पाना ठेवला.

"हा बारा-तेराचा पाना. कोणत्या कंपनीचा हाय ते मला म्हाईत न्हाई. माझ्या गाडीला बसतो, तुमच्या स्कूटरला बसतो, माझ्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला बी बसतो. कामून बसतो? तर नट केवढा असावा हे सगळ्यांसाठी लिहून ठेवलंय. आता समजा नटवाला म्हणला, माझं माप मी कुणालाच सांगणार न्हाई. मग?"

"मग दुसऱ्याचा नट घेऊ."

"घ्या की. पण सोळंके, जो गाडीत बसून गंजलाय, त्याला कसा काढता?"

त्यांची बशी तोवर थंड झाली होती.

हे सगळं तत्त्वाचं वेड असतं, तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्यांच्या घरात एक फाईल होती. सरांची बायको, विमलताई, प्राथमिक शिक्षिका. माहेर राणीसावरगावचं. नोकरीत गंगाखेड तालुक्यातली गावं पालथी घातलेली. त्यांना शब्द गोळा करायचा नाद होता, तोही बायकांचा. जात्यावरचे, चुलीपुढचे, वेचणीतले. ऊसतोडीला गेलेल्या बायका उन्हाळ्याच्या तोंडावर परत आल्या की विमलताई त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. 'उलंगवाडी' हा शब्द मी आयुष्यात अनेकदा ऐकला होता. कापसाची शेवटची वेचणी झाली की उभ्या पऱ्हाटीत गुरं मोकळी सोडतात, ती उलंगवाडी. पण विमलताईंनी त्याखाली लिहिलं होतं, की ज्या बाईची लेकरं शिकून शहरात गेली आणि परत आलीच नाहीत, ती स्वतःच्या घरालाही उलंगवाडी म्हणते, आणि असं म्हणणारी बाई कोण, कुठली, कशाचं बोलणं चाललं असताना म्हणाली, तेही. मी मराठी शिकवून पोट भरतो. असा कोश मी दुसरा पाहिलेला नाही, आणि हे मी सौजन्य म्हणून लिहीत नाही.

हा सगळा कोश मोहोरमधे होता. सरांनीच बायकोला टायपिंग शिकवलं होतं, आणि टाईप करून झालेल्या हस्तलिखित चिठ्ठ्या, "आता कागदं कशाला सांभाळायची?" म्हणून सरांनीच चुलीत घालायला लावल्या होत्या. मागच्या खोलीत एक जुना संगणक, त्याच्या पाठीला लॉक, आणि तो लॉक अजून चालू होता. सगळ्या जिंतुरात बहुधा तेवढा एकच.

मी म्हणालो, "सर, चालू आहे तोवर छापून घ्या. प्रिंटर मी आणतो, कागद मी आणतो."

"थांबा थोडं," सर म्हणाले.

त्या थांबण्याला कारण होतं, ते सांगितल्याशिवाय सर कळणार नाहीत. त्याआधी एका शाळेचे जुने निकाल मोहोरमधे अडकले होते. मुलं दाखल्यासाठी खेटे घालत होती. सरांनी खटपट करून, म्हणजे शाळेचा मोडका लॉक स्वतः दुरुस्त करून, ते निकाल एकदाचे छापून काढले आणि तोच कागदांचा गठ्ठा घेऊन परभणीला एका साहेबाकडे गेले. बघा म्हणाले, ही अडचण आहे, मानक करा. साहेबाने गठ्ठा चाळला. "सर, निघाले की निकाल. मग अडचण काय उरली?" आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. सर परत आले ते पेटून. त्या दिवसापासून त्यांनी मनाशी ठरवलं की आता जो पुरावा द्यायचा तो बंदच द्यायचा. पुस्तक आहे, पूर्ण आहे, अनमोल आहे, आणि वाचता येत नाही. बायकोचा कोश हा त्यांचा पुरावा झाला.

"एक फाईल छापून सोडवली तर ती सुटंल," ते मला म्हणायचे. "बाकीच्यांचं कोण बघणार? छापलं की ते म्हणतील, झालं की."

"आणि लॉक गेला तर?"

"तवर मानक होतं."

विमलताईंनी एकदा विचारल्याचं मला आठवतं. आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. ज्वारीची धपाटी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "अहो, नुसतं एकडाव छापून ठिवावं का? मला बी हातात धरून बघावं वाटायलंय." सर म्हणाले, "जरा दम काढ. उघडं करून देतो, मग सगळं जग बघंल." त्या हसल्या. "जगाचं र्‍हाऊ द्या," म्हणाल्या आणि आत गेल्या. पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही. सरांना वाटलं, पटलं.

दरम्यान मुंबईत खरोखरच एक समिती बसली. मराठी दस्तऐवजांसाठी खुली मानकं ठरवायची, लोकांनी सूचना पाठवाव्यात, असं जाहीर झालं. सर त्या दिवशी चहा गरम प्यायले. सूचना लिहायला समितीने एका फायलीत ठरावीक तक्ता दिला होता, तो भरून पाठवायचा. सरांनी तो उघडला आणि कपाळावर हात मारला. तक्ता फक्त एका महागड्या सॉफ्टवेअरमधे उघडणाऱ्या बंद स्वरूपात, म्हणजे फॉरमॅटमधे होता, आणि त्याच स्वरूपात परत पाठवायचा होता.

कुणीही शहाण्या माणसाने भरून पाठवला असता. मीही तेच म्हणालो. सर म्हणाले, "खुल्या मानकाची मागणी बंद फायलीतून करू? सोळंके, दारूबंदीच्या सभेला पिऊन जायचं का?" त्यांनी तोच तक्ता खुल्या स्वरूपात नव्याने आखला, भरला, पाठवला. महिन्याभराने उत्तर आलं, आपली फाईल कार्यालयात उघडत नाही, कृपया विहित नमुन्यात पाठवावी. सरांनी छापून टपालाने पाठवली. उत्तर आलं, कागदावरील सूचना विचारात घेतल्या जाणार नाहीत. मग सर स्वतःच मुंबईला गेले आणि एका तरुण अधिकाऱ्यासमोर जाऊन बसले. तो भला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, पानाही हातात घेऊन पाहिला, आणि म्हणाला, "सर, तुमचं बरोबर आहे. पण दुसऱ्याच्या मालकीचं स्वरूप आम्ही परस्पर जाहीर करू शकत नाही. मालकाची संमती आणा."

संमतीसाठी सर पुण्याला निघाले. मला तिथे पेपर तपासायला जायचंच होतं, म्हणून मीही गाडीत होतो. मोहोरचे जुने मालक पेठेतल्या एका फ्लॅटमधे राहत होते. ऐंशीच्या घरातले, स्वच्छ धोतर, कानाला यंत्र. परभणीहून कुणीतरी मोहोरसाठी आलंय म्हटल्यावर म्हाताऱ्याला इतका आनंद झाला की त्यांनी सुनेला साबुदाण्याची खिचडी करायला लावली.

"संमती ना? देतो की, आनंदाने देतो," ते म्हणाले. "पण माझं काय राहिलंय त्यात? मी सगळं विकलं. कागद, आराखडे, सगळं घेऊन गेले. घेणाऱ्या कंपनीने ते कपाटात टाकलं असेल. आमचा जो इंजिनीअर होता, ज्याच्या डोक्यात ते सगळं होतं, तो वारला."

सर म्हणाले, "पण साहेब, फाईल अशी लॉकला बांधून कामून टाकली? पहिल्या मोहोरमधे तर असं नव्हतं."

म्हातारा हसला. "तुमच्याच जिल्ह्यामुळे. पहिल्या मोहोरला लॉक नव्हता. फाईल कुणीही कुठेही उघडावी. परभणी जिल्ह्यात माझ्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती विकल्या गेल्या, आणि तिकडे आलो तर प्रत्येक टायपिंगच्या दुकानात मोहोर. कुणीतरी भला गृहस्थ फ्लॉप्यांवर उतरवून फुकट वाटत होता म्हणे. मग म्हटलं, लावा लॉक. काय करणार, पगार द्यायचे होते."

सर खिचडीतले दाणे वेचून बाजूला ठेवत होते. नंतर त्यांनी ते एकेक करून खाल्ले.

परतीच्या एस.टी.त जालना येईपर्यंत सर पिशवीतला पाना हातात फिरवत होते. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मीच वाटत होतो." मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "लोकांनी मराठीत लिहावं म्हणून वाटत होतो, सोळंके. एक रुपाया घेतला न्हाई कुणाचा." मला म्हणावंसं वाटलं, सर, आता तरी घरी जाऊन छापून घ्या. पण त्यांचा चेहरा बघून मी मुकाट बसलो. त्यांनी त्या नव्या कंपनीला लिहायला सुरुवात केली. तिकडून एकदाही उत्तर आलं नाही.

आमच्याकडे डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, कधीकधी दोन फेज एकत्र येतात. आधी बल्ब दिव्यासारखा नाही तर सूर्यासारखा पेटतो, पंखा विमानासारखा घुमतो, आणि मग गल्लीतल्या सगळ्या घरांतून जळाल्याचा वास येतो. चैत्रातल्या एका दुपारी सरांच्या गल्लीत तसं झालं. कुणाचा टीव्ही गेला, कुणाचा फ्रीज गेला. सरांच्या मागच्या खोलीत तो जुना संगणक चालू होता, विमलताई नुकत्याच त्यात दोन शब्द घालून उठल्या होत्या.

मी पोचलो तेव्हा सर जमिनीवर बसले होते, मांडीवर लॉक. प्लॅस्टिक एका बाजूने वितळून काळं पडलं होतं. विमलताई दारात उभ्या होत्या.

"गेलं का?" त्यांनी विचारलं.

"डिस्क चांगली हाय," सर म्हणाले. "फायलीला काई झालं न्हाई. फाईल जशाला तशी हाय."

"हां," त्या म्हणाल्या आणि जळका वास जावा म्हणून खिडक्या उघडायला गेल्या.

त्या त्यांना दोषाचा एक शब्द बोलल्या नाहीत. ना तेव्हा, ना नंतर. मला मात्र सरांचा इतका राग आला की मी दोन महिने त्यांच्याशी धड बोललो नाही. जगाच्या फायली उघडायला निघालेला माणूस, आणि घरातल्या बाईला तिचं पुस्तक हातात धरून बघायचं होतं, तेवढं त्याच्याने झालं नाही. फाईल खरंच शाबूत होती. गळ्यातल्या प्रत्येक पेन ड्राइव्हवर तिची एकेक प्रत होती. औरंगाबादचा एक, परभणीचे दोन, हैदराबादचा एक, असे कारागीर करून झाले. लॉकच्या पोटातलं जे जळालं ते जळालं होतं.

आणि याच्या पाठोपाठ समितीचा निर्णय आला. नव्या दस्तऐवजांसाठी खुलं स्वरूप ठरलं. सरांनी तो निर्णय आम्हाला स्टाफरूममधे मोठ्याने वाचून दाखवला. जुन्या फायलींबद्दल शेवटी एक ओळ होती. 'पूर्वीचे दस्तऐवज संबंधितांनी आपापल्या स्तरावर रूपांतरित करून घ्यावेत.' ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. त्या दिवशी स्टाफरूममधून कुणी उठून गेलं नाही. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी फायलीचा 'फ'सुद्धा काढला नाही, आणि ते ऐकताना मला कसंतरीच झालं.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांच्या घरी गेलो होतो. ओसरीवर ऊन आलं होतं. विमलताई खुर्चीत, अंगावर शाल. वर्षभरात त्या खूप उतरल्या होत्या. कानकोंड्या नव्हत्या, हसत होत्या, पण समोरच्या माणसाचं नाव जिभेवर यायला त्यांना वेळ लागायचा. मला त्यांनी आधी त्यांच्या भावाच्या नावाने हाक मारली, मग स्वतःच दुरुस्त केली. सर शेजारी पाटावर बसले होते, पुढ्यात लॅपटॉप.

"कोश पुन्यांदा करायलोत," सर मला म्हणाले. "पहिल्यापासून."

ताई डोळे मिटून आठवत. शब्द आला की सांगत, सर टाईप करत. मग सर अर्थ विचारत.

"कवठाळणं," ताई म्हणाल्या.

सरांनी टाईप केलं. "अर्थ?"

ताईंनी उजवा हात उचलला आणि हवेत काहीतरी केलं. काहीतरी ओढून स्वतःकडे घेतल्यासारखं. पुन्हा तसंच केलं. हाताला माहीत होतं. "ते बघा... पाणी... न्हाई, पाणी न्हाई." त्या थांबल्या. "शेवंता म्हणायची नेमी. ऊसतोडीहून आली की म्हणायची."

"शेवंताला विचारून येऊ का?"

"कुठं विचारता? ती बी गेली की." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाला म्हाईत हाय का हो, दादा?"

मला माहीत नव्हतं. मराठीचा प्राध्यापक मी, आणि मला माहीत नव्हतं.

सरांनी एक क्षण वाट पाहिली. मग खालच्या ओळीवर गेले. "होऊ दे," म्हणाले, "पुढचा सांग."

ताई पुन्हा डोळे मिटून बसल्या. सर माझ्याकडे वळले आणि एकदम जुन्या सरांसारखे बोलू लागले. "ही खुल्या स्वरूपात हाय, सोळंके. सरकारी मानक. आपल्यामागं पन्नास वर्षांनी बी उघडंल. थांबा, तुमाला पाठवतो, बघा." त्यांनी तिथल्या तिथे फाईल माझ्या मोबाईलवर पाठवली. मी बोट लावलं. कुठे काही अडलं नाही, काही मागितलं नाही. क्षणात पान समोर आलं, अक्षर न् अक्षर स्वच्छ.

डावीकडे शब्द, मधे अर्थ, उजवीकडे सांगणारीचं नाव. मी बोटाने खाली खाली सरकवत गेलो. डावीकडे शब्दांची रांग होती. मधला रकाना सुरुवातीला थोडा भरलेला होता. पुढे तो विरळ झाला, आणि नंतर नुसता पांढरा होत गेला.

"उघडली का?" सरांनी विचारलं.

"हो सर," मी म्हणालो. "उघडली."